एनबीए ड्राफ्टसाठी कॉलेज मध्येच सोडावे का? खेळाडूच्या घरच्यांसाठी टप्प्याटप्प्याने माहिती

आमच्या घरी तो फोन २०२३ च्या मार्चअखेरीस आला. मुलगा तेव्हा मिडवेस्टमधल्या एका मध्यम दर्जाच्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वांत वरची श्रेणी) कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होता, आणि त्याच्या संघाचा हंगाम नुकताच संपला होता. "बाबा, मी ड्राफ्टला नाव देतोय," एवढेच तो म्हणाला. (एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिचे संघ दरवर्षी नव्या खेळाडूंना पाळीपाळीने निवडून घेतात तो कार्यक्रम.) त्याच्या आईने विचारले, "म्हणजे डिग्री सोडणार?" आणि मी विचारले, "निवड होईल का?" पुढच्या दोन महिन्यांत आमच्या लक्षात आले की आम्ही दोघांनीही चुकीचा प्रश्न विचारला होता. नाव देणे म्हणजे कॉलेज सोडणे नव्हे, आणि निवड होणे म्हणजे नोकरी लागणे नव्हे.

अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांतून या पातळीवर खेळणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील, त्यामुळे शेजारी किंवा मंडळातल्या कोणाला विचारावे अशी सोय आपल्याकडे नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी आमच्याइतके चाचपडू नये म्हणून सगळे क्रमाने लिहून काढले आहे. नियम वरचेवर बदलतात. म्हणून येथील प्रत्येक तारीख आणि रक्कम त्या वर्षीच्या अधिकृत पत्रकाशी ताडून पाहावी.

१. आधी पात्रता तपासा

एनबीएचा नियम दोन अटींचा आहे. ड्राफ्ट ज्या कॅलेंडर वर्षात होतो त्या वर्षात खेळाडूला १९ वर्षे पूर्ण झाली पाहिजेत, आणि अमेरिकेत शिकलेल्या खेळाडूच्या बाबतीत त्याच्या तुकडीचे हायस्कूल संपल्यावर एनबीएचा किमान एक हंगाम उलटलेला असला पाहिजे. यातला 'त्या वर्षात' हा शब्द नीट वाचावा. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग ड्राफ्टच्या रात्री १८ वर्षांचाच होता. त्याचा वाढदिवस २१ डिसेंबरला येतो, आणि तेवढे नियमाला पुरते. केविन गार्नेट, कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स हे थेट शाळेतून आले, कारण ही अट तेव्हा नव्हती. ती २००६ च्या ड्राफ्टपासून लागू झाली.

ज्याची कॉलेजात खेळण्याची पात्रता संपली आहे तो आपोआप ड्राफ्टमध्ये गणला जातो. ज्याची पात्रता शिल्लक आहे त्यालाच 'लवकर प्रवेशा'चा अर्ज लेखी द्यावा लागतो. दुखापतीमुळे न खेळलेले वर्ष धरले जाते की नाही, बदली घेतलेल्या कॉलेजातली वर्षे कशी मोजली गेली, याबद्दल मुलाचा अंदाज आणि कॉलेजची नोंद यांत तफावत असू शकते. म्हणून कॉलेजच्या क्रीडा विभागातल्या कम्प्लायन्स (नियमपालन) ऑफिसकडून 'किती हंगाम शिल्लक' हे ईमेलवर लेखी मागून घ्या.

२. चार तारखा भिंतीवर लावा

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा गोंधळ तारखांचा आहे, कारण नाव मागे घेण्याच्या मुदती दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या संस्थांच्या आहेत. २०२५ चे उदाहरण घ्या. नाव देण्याची शेवटची तारीख २६ एप्रिल, म्हणजे ड्राफ्टच्या ६० दिवस आधी. मेच्या मध्यात शिकागोला कम्बाइन, म्हणजे बोलावलेल्या खेळाडूंची मोजमापे आणि चाचण्या. कॉलेजात खेळण्याची पात्रता टिकवायची असेल तर नाव मागे घेण्याची एनसीएएची (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) मुदत २८ मे, रात्री ११ वाजून ५९ मिनिटे. आणि एनबीएची स्वतःची मुदत १५ जून, संध्याकाळी ५, म्हणजे ड्राफ्टच्या १० दिवस आधी. ड्राफ्ट २५ आणि २६ जूनला ब्रुकलिनमध्ये झाला.

आता फसगत कोठे होते ते पाहा. एखादा मुलगा इंटरनेटवर १५ जून वाचतो आणि निर्धास्त राहतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात नाव मागे घेतले तर एनबीएची हरकत नसते, पण कॉलेजात खेळण्याचा मार्ग बंद झालेला असतो. जूनची मुदत प्रामुख्याने परदेशात खेळणाऱ्या तरुणांच्या उपयोगाची आहे. कॉलेजच्या मुलासाठी खरी तारीख एकच, आणि ती मेअखेरीची.

दुसरी गोष्ट: या वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आहेत. मुलगा सरावासाठी लॉस एंजेलिसला असेल तर त्याच्या घड्याळात रात्री ८ वाजून ५९ मिनिटांनी मुदत संपते. हे मी का सांगतो आहे ते शेवटच्या टप्प्यात कळेल.

३. सल्लागार समितीकडे मूल्यमापन मागा

एनबीएची एक पदवीपूर्व सल्लागार समिती असते. संघांचे अनुभवी अधिकारी खेळाडूबद्दल गोपनीय अंदाज देतात: पहिल्या फेरीत जाईल, दुसऱ्या फेरीत जाईल की निवडच होणार नाही. अर्ज कॉलेजच्या प्रशिक्षकांमार्फत किंवा क्रीडा विभागामार्फत जातो आणि त्याला पैसे पडत नाहीत. २०१८ पासूनच्या नियमानुसार कॉलेजची पात्रता राखून एजंट नेमायचा असेल तर हे मूल्यमापन मागितलेले असणे आवश्यक आहे. म्हणून क्रम चुकवू नका. आधी समिती, मग एजंट.

आमच्या मुलाचे उत्तर आले, त्यात मथितार्थ एवढाच होता की निवड होण्याची शक्यता दिसत नाही. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मला मात्र ते उत्तर त्या दोन महिन्यांतले सर्वांत प्रामाणिक वाटले, कारण ते देणाऱ्याला आमच्याकडून काही मिळवायचे नव्हते. प्रशिक्षकाला खेळाडू हवा असतो, एजंटला कमिशन हवे असते, मित्रांना ओळखीतला एनबीए खेळाडू हवा असतो. समितीचा अंदाज कोणत्याही संघावर बंधनकारक नाही आणि तो चुकतोही. पण तो 'पहिली फेरी' म्हणत नसेल तर पुढचा सगळा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा लागतो.

४. एजंट: दोन शिक्के आणि एक करार

एनबीए खेळाडूंच्या संघटनेची मान्यता असलेला प्रत्येक एजंट एनसीएएलाही मान्य असतो असे नाही. कॉलेजला परतण्याचा मार्ग खुला ठेवायचा असेल तर एनसीएएच्या प्रमाणित यादीतलाच एजंट हवा. असा एजंट वर्कआउटसाठीचा, म्हणजे संघांसमोर द्यायच्या चाचणीसाठीचा, प्रवास, राहणे आणि जेवण यांचा खर्च करू शकतो. करार लेखी असावा लागतो, आणि मुलगा कॉलेजला परतला की तो संपुष्टात आणावा लागतो. त्याचे पत्र जपून ठेवा.

एनबीए करारावर एजंट जास्तीत जास्त ४ टक्के घेऊ शकतो. जाहिराती आणि नाव-छबीच्या कमाईवरचा टक्का निराळा आणि बराच मोठा असतो. या दोन गोष्टी एकाच कागदावर आल्या तर पेन खाली ठेवा. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली, तसे या क्षेत्रात असे अनेक लोक आले ज्यांच्यावर खेळाडू संघटनेचे बंधन नाही. अमेरिकन फुटबॉलमधले एक उदाहरण न्यायालयापर्यंत गेले: फ्लोरिडा विद्यापीठाच्या एका खेळाडूने ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि त्या बदल्यात पुढची २५ वर्षे व्यावसायिक कमाईतला १५ टक्के हिस्सा, तोही करपूर्व, लिहून दिला. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला चार लाख डॉलर दिसतात, पंचवीस वर्षे दिसत नाहीत. ती दिसण्यासाठी घरात कोणीतरी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे असावे लागते.

आमच्या वाट्याला याहून लहान प्रसंग आला. एका सराव केंद्राने 'दोन आठवडे येऊन पाहा, पैशांचे नंतर बघू' असे सांगितले. मी कम्प्लायन्स ऑफिसला फोन केला, तर तिकडून पहिला प्रश्न आला की हे फुकट कोण देते आहे आणि का. आम्ही पैसे भरून पावती घेतली. महिन्याभराने त्याच केंद्राने आणखी एक बिल पाठवले, ज्यात सांगितल्यापेक्षा दुप्पट दिवस लावलेले होते. पावती हातात होती म्हणून ते प्रकरण एका ईमेलमध्ये मिटले.

५. जवळ ठेवायची कागदपत्रे

एक फोल्डर करा, कागदी आणि फोनमधलाही, आणि त्यात पुढील गोष्टी ठेवा:

- पासपोर्ट किंवा जन्मदाखल्याची प्रत
- एनबीएला दिलेल्या अर्जाची प्रत आणि तो पोहोचल्याचा ईमेल
- समितीकडे मूल्यमापन मागितल्याची नोंद व आलेले उत्तर
- शिल्लक हंगामांबद्दल कम्प्लायन्स ऑफिसचा ईमेल
- एजंटचा करार आणि त्याच्या प्रमाणपत्राची त्या दिवशी तपासलेली नोंद
- जुन्या दुखापतींचे अहवाल, एमआरआय, शस्त्रक्रियेचे कागद
- प्रवास, राहणे, सराव यांच्या सर्व पावत्या, कोणी पैसे दिले त्या नोंदीसह
- चालू सत्राचे गुणपत्रक आणि नोंदवलेले विषय
- अमेरिकी नागरिक नसल्यास व्हिसाची कागदपत्रे
- नाव मागे घेण्याच्या पत्राचा तयार मसुदा

शेवटचा कागद एप्रिलमध्येच लिहून ठेवा. वापरायचा की नाही ते मेमध्ये ठरते.

६. मोजमापाला सामोरे जा

कम्बाइनला साधारण पंचाहत्तर-ऐंशी खेळाडूंना बोलावणे येते. २०२४ पासून बोलावणे आले तर सबळ कारणाशिवाय गैरहजर राहता येत नाही. तेथे अनवाणी उंची, दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, उभ्याने हात वर करून गाठलेली उंची, तळहाताची लांबी-रुंदी, उडी, चपळाई आणि धावण्याचा वेग मोजतात, वैद्यकीय तपासणी होते, संघांशी मुलाखती होतात. बोलावणे न आलेल्यांना संघांच्या खासगी वर्कआउटचा मार्ग राहतो. कॉलेजची पात्रता राखणाऱ्या खेळाडूला एका संघाकडे वर्षातून एकदाच अशी चाचणी देता येते.

आमच्या मुलाला कम्बाइनचे बोलावणे आले नाही. दोन संघांनी वर्कआउटला बोलावले. पहिल्या ठिकाणी सकाळी सात वाजता त्याला बूट-मोजे काढून भिंतीपाशी उभे केले. कॉलेजच्या पत्रकात त्याची उंची सहा फूट पाच इंच छापलेली होती. पट्टी सहा फूट तीन आणि पाव इंचावर थांबली. मोजणाऱ्या माणसाने मान वरही केली नाही, कारण त्याला रोज असेच पावणेदोन इंच गळताना दिसत असणार. तुमच्या घरी मोजपट्टी आहे. अर्ज भरण्याआधी अनवाणी उंची आणि हातांचा पसारा मोजून पाहा. संघ त्याच आकड्यांवर मुलाची जागा ठरवतात, आणि सहा-तीनचा मुलगा सहा-पाचच्या मुलाची कामगिरी दाखवत असेल तर त्याला दुसऱ्याच जागेसाठी स्पर्धा करावी लागते.

वर्कआउटमधून परत येताना एकच प्रश्न विचारायला मुलाला शिकवा: 'पुढच्या वर्षी माझ्या खेळात काय बदललेले तुम्हाला पाहायचे आहे?' बहुतेक संघ याचे सरळ उत्तर देतात. आमच्या मुलाला दोन्ही ठिकाणी उत्तर मिळाले की डाव्या बाजूला वळताना चेंडूवरचा ताबा सुटतो आणि बचावात अंगाने कमी पडतोस. परत कॉलेजला जाताना हाती लागलेली एवढी शिदोरीच त्या दोन महिन्यांची खरी कमाई ठरली.

७. पैशांचा हिशेब: 'निवड' नव्हे, 'हमी' पाहा

ड्राफ्ट दोन फेऱ्यांचा आणि साठ जागांचा असतो. संघांना झालेल्या दंडामुळे कधी त्यातल्या एक-दोन जागा कमी होतात. पण साठही जागा एका मोलाच्या नाहीत. पहिल्या फेरीत निवडलेल्यांचे वेतन ठरावीक श्रेणीत असते, पहिली दोन वर्षे हमीची असतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा निर्णय संघाकडे राहतो. २०२५-२६ च्या हंगामात पहिल्या क्रमांकाला पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर, तर पहिल्या फेरीच्या शेवटी असलेल्या तिसाव्या क्रमांकाला साधारण २७ लाख डॉलर मिळतात.

एकतिसाव्या क्रमांकापासून हे छप्पर संपते. दुसऱ्या फेरीत वरच्या क्रमांकांवर हमीचा करार मिळू शकतो, खालच्यांना बहुधा टू-वे करार मिळतो. टू-वे म्हणजे खेळाडू एनबीए संघ आणि त्याचा जी लीग या दुय्यम लीगमधला संघ यांच्यात ये-जा करतो. एनबीएच्या जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी त्याला संघात घेता येते, आणि वेतन नवख्या खेळाडूच्या किमान वेतनाच्या निम्मे, २०२५-२६ साठी ६,३६,४३५ डॉलर असते. प्रत्येक संघाकडे अशा तीनच जागा असतात. त्याखाली 'एक्झिबिट १०' नावाचा करार येतो: सराव शिबिराचे बोलावणे, हमी नाही, संघाने सोडले आणि जी लीगच्या त्याच संघाकडे ६० दिवस राहिले तर मर्यादित बोनस. आणि नुसत्या जी लीगचे हंगामाचे वेतन ४०-४५ हजार डॉलरांच्या घरात. न्यू जर्सीत तेवढ्यात एका माणसाचे भाडे आणि गाडीचा विमा निघाला तरी नशीब म्हणायचे.

आता दुसरे पारडे. पूर्वी कॉलेजला परतणे म्हणजे फुकट खेळणे होते, म्हणून घरची ओढाताण असलेली मुले जमेल तेवढ्या लवकर बाहेर पडत. २०२१ मध्ये नाव-छबीची कमाई खुली झाली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीनुसार कॉलेजे स्वतःच्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांची मर्यादा होती. परिणाम आकड्यांत दिसतो. लवकर प्रवेशासाठी २०२१ मध्ये ३५३ नावे आली होती, २०२५ मध्ये १०६. २०२१ चा आकडा कोविडमुळे मिळालेल्या जादा वर्षाने फुगला होता हे खरे, तरी उरलेली घट बहुतांशी पैशांमुळे असावी. मोठ्या कॉलेजातल्या चांगल्या खेळाडूला आज टू-वे करारापेक्षा जास्त रक्कम कॉलेजात मिळू शकते.

म्हणून माझा स्वतःचा ठोकताळा असा: पहिल्या फेरीची खात्रीलायक चिन्हे असतील तर जावे, कारण दुखापत आणि वय कोणासाठी थांबत नाहीत. दुसऱ्या फेरीच्या वरच्या टोकाचा अंदाज असेल तर कॉलेजकडून मिळणारी रक्कम लेखी घेऊन शेजारी मांडावी. त्याखाली असाल तर परतावे, मात्र कॉलेजात जागा, खेळायला मिळणारी मिनिटे आणि पैसे हे तिन्ही ठरलेले असावेत.

परतल्याने भाव वाढतोच असेही नाही. पर्ड्यूचा झॅक ईडी २०२३ मध्ये शेवटच्या दिवशी परतला, संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडला गेला. केंटकीचा ऑस्कर शिब्वे मात्र २०२२ चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरून परतला आणि २०२३ मध्ये त्याची निवडच झाली नाही. त्याला पुढे टू-वे करारावर समाधान मानावे लागले. आपल्या लोकांना जवळचे उदाहरण सिम भुल्लरचे. टोरंटोत वाढलेला, साडेसात फुटांच्या आसपासचा हा पंजाबी कुटुंबातला खेळाडू न्यू मेक्सिको स्टेटमधून दोन हंगामांनंतर २०१४ मध्ये बाहेर पडला. निवड झाली नाही. समर लीग (उन्हाळ्यातले नवख्यांचे सामने) आणि तेव्हाची डी-लीग (आताची जी लीग) असा फेरा घेऊन एप्रिल २०१५ मध्ये त्याला सॅक्रामेंटोकडून दहा दिवसांचा करार मिळाला आणि तो एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. एकूण सामने तीन. कोणी त्याला यश म्हणेल, कोणी म्हणेल आणखी दोन वर्षे कॉलेजात काढली असती तर बरे झाले असते. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर यावर अजून एकमत झालेले नाही.

८. परीक्षा आणि पोर्टल विसरू नका

एप्रिल-मे हे सत्रपरीक्षेचे दिवस. डिव्हिजन वनमध्ये पुढच्या सत्रात खेळायला चालू सत्रात किमान ६ क्रेडिट उत्तीर्ण व्हावी लागतात आणि पदवीच्या अभ्यासक्रमातही ठरावीक प्रगती दाखवावी लागते: तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीस ४० टक्के, चौथ्याच्या ६०. 'मी तर चाललोच आहे' म्हणून वर्ग सोडून देणारा मुलगा मेअखेरीस नाव मागे घेतो आणि मग कळते की तो अभ्यासामुळे अपात्र आहे. आमच्या मुलाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा परीक्षा आणि दुसरा वर्कआउट एकाच दिवशी आले. प्राध्यापिकेला तीन आठवडे आधी लिहिल्यामुळे तारीख बदलून मिळाली; आदल्या दिवशी लिहिले असते तर मिळाली नसती, हे तिनेच नंतर सांगितले.

बदली पोर्टलची, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत नाव देण्याची, मुदत एप्रिलमध्येच संपते, म्हणजे ड्राफ्टचा निर्णय होण्याच्या कितीतरी आधी. परत यायचे झाल्यास त्याच कॉलेजात यायचे की दुसरीकडे, हे तेव्हाच ठरवावे लागते. पोर्टल आणि ड्राफ्ट या दोन्हींत एकाच वेळी नाव ठेवता येते आणि पुष्कळ जण तसे करतात. मात्र पोर्टलमध्ये नाव गेले की जुने कॉलेज शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायला बांधील राहत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा.

९. नागरिकत्व नसेल तर

आमचा मुलगा येथे जन्मला, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला आला नाही. पण एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाढलेली मुले आपल्या ओळखीत पुष्कळ असतात. २१ व्या वर्षी एच-४ सुटतो आणि बहुतेक जण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला कॉलेजबाहेर काम करण्यावर कडक मर्यादा आहेत, त्यामुळे जाहिरातीची कमाई त्याच्यासाठी सरळ नाही. वर उल्लेख आलेला शिब्वे मूळचा काँगोचा. त्याने जाहिरातींची कामे संघ बहामाला गेला असताना, म्हणजे अमेरिकेबाहेर, केली होती. याचा अर्थ सातव्या टप्प्यातले 'दुसरे पारडे' अशा मुलासाठी हलके असते. व्यावसायिक करार झाला तर संघाच्या अर्जावर खेळाडूंचा पी-१ व्हिसा मिळतो, पण कॉलेज सोडल्यावर करार होईपर्यंतच्या काळात मुलाचा दर्जा काय राहील हे इमिग्रेशनच्या वकिलाला एप्रिलमध्येच विचारा. हा प्रश्न एजंटला विचारू नका. तो त्याचा विषय नाही.

१०. शेवटचा दिवस

नाव मागे घेणे हे लेखी कृत्य आहे. प्रशिक्षकाला फोनवर सांगणे, समाजमाध्यमावर 'मी परत येतोय' असे चित्र टाकणे याला अर्थ नाही. एनबीएला लेखी कळवायचे, प्रत कम्प्लायन्स ऑफिसला द्यायची आणि दोन्हीकडून पोच घ्यायची.

३१ मे २०२३ रोजी मुलगा लॉस एंजेलिसमध्ये होता आणि निर्णय झालेला होता, फक्त ईमेल पाठवायचा होता. तो म्हणाला, "रात्री पाठवतो, बारापर्यंत वेळ आहे." आमच्या घरी, न्यू जर्सीतल्या एडिसनला, तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते, त्याच्या घड्याळात सव्वाआठ. मी त्याला घड्याळातला फरक सांगितला तेव्हा तो गाडी चालवत होता. रस्त्याकडेला थांबून त्याने एप्रिलमध्ये लिहून ठेवलेला मसुदा फोनवरून पाठवला. पोच आली तेव्हा आमच्याकडे ११ वाजून ३१ मिनिटे झाली होती. असा खेळ करू नका. एक दिवस आधी पाठवा.

११. नाव ठेवलेच तर

काही मुले नाव मागे घेत नाहीत, आणि त्यांनी ड्राफ्टची रात्र कशी असते हे जाणून ठेवावे. दुसऱ्या फेरीत एजंटला फोन येतात: 'आम्ही निवडले तर टू-वे घेईल का?' येथे 'नाही' म्हणणे कधी शहाणपणाचे ठरते. ज्याची निवड झाली त्याच्यावर त्या एका संघाचा हक्क राहतो. ज्याची झाली नाही तो आपल्या जागेवर गर्दी कोठे कमी आहे हे पाहून संघ निवडू शकतो. ऑस्टिन रीव्हजने २०२१ मध्ये दुसऱ्या फेरीत निवड होऊ न देता लेकर्सशी टू-वे करार केला, आणि तेथे तो मुख्य खेळाडू बनला. असे करायचे तर एजंटकडे त्या रात्रीच्या आधीच पाच-सहा संघांची यादी, प्रत्येकाकडे त्या जागेवर किती खेळाडू आहेत याच्या नोंदीसह, तयार असावी लागते. एजंट ठरवताना त्याला हीच यादी मागा. आमच्या मुलाने २०२४ मध्ये पदवीनंतर पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्या एजंटकडे ती होती; फोन मात्र समर लीगच्या एकाच संघाचा आला, आणि सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगचा करार. तो तेथे दुसरा हंगाम खेळतो आहे, डाव्या बाजूने आता बरा वळतो, आणि उंचीच्या रकान्यात सहा-तीन लिहितो.